टॉमीगन, स्टेन की कार्बाइन? जुन्या फौजी फोटोतलं हत्यार ओळखताना

शिरोळ, कागल, गडहिंग्लज, कुठल्याही तालुक्यात जा, बाहेरच्या खोलीत आजोबांचा फौजी फोटो असतोच. हातात काहीही असो, घरचे त्याला ‘स्टेनगन’ म्हणून मोकळे होतात. फोटो मोठा करून गावच्या कार्यक्रमात लावायचं ठरलं, की खालची ओळ लिहिताना घोडं अडतं. आजोबा 1944 ला ब्रिटिश जनरल विंगेटच्या, जपान्यांच्या पिछाडीला लढणाऱ्या चिंडिट तुकड्यांबरोबर ब्रह्मदेशात होते, की काका 1971 च्या डिसेंबरात 2 पॅरा या छत्रीधारी पलटणीबरोबर आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला उतरले? (2 पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची 3 री पलटण, त्यामुळे आपल्याकडं हा प्रश्न निघतोच.) हत्यारावरून निदान काळ तरी पकडता येतो.

आधी फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला नाही ना, ते बघा. रिबन्स माणसाच्या डाव्या छातीवर असतात आणि शर्टाची डावी पट्टी वर येते. हे जुळत नसेल तर पुढचं सगळं चुकणार, कारण खरा निकाल मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, कुठून घुसलंय यावर लागतो.

मॅगझीन खालून असेल, कुंदा (खांद्याला टेकवायचा भाग) लाकडी आणि जाड असेल, तर ती थॉम्सन, म्हणजे टॉमीगन. .45 ची गोळी, वजन साडेचार किलोच्या वर. जंगलात ओझंच, पण जवळच्या मारामारीत भरवशाची, म्हणून कमांडोंना प्यारी. ब्रिटिशांच्या कंबाइंड ऑपरेशन्सच्या, म्हणजे कमांडोंच्या वरच्या खात्याच्या, बिल्ल्यावरही तीच आहे. जरा भिंग लावा: बॅरलवर आडव्या खाचा आणि कॉकिंगची (मागं ओढायची) मूठ डोक्यावर, तर 1928 चा प्रकार. बॅरल गुळगुळीत आणि मूठ उजव्या कुशीत, तर एम1 किंवा एम1ए1, म्हणजे फोटो 1942 च्या आधीचा नाही. गोल ड्रम दिसला तर तो 1928 वाल्यालाच बसतो.

मॅगझीन डाव्या कुशीतून आडवं निघालं असेल, तर खरा घोळ सुरू होतो. स्टेन आणि स्टर्लिंग, म्हणजे आपले जवान जिला नुसतं ‘कार्बाइन’ म्हणतात ती, दोघींचं मॅगझीन तिथंच. स्टेनचं सरळ, 32 गोळ्यांचं. कार्बाइनचं पुढं वाकलेलं, 34 चं. स्टेन मार्क 2 नळाच्या दुकानात जोडल्यासारखी दिसते, कुंदा म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा. कार्बाइनला बॅरलभोवती भोकांचं लांब आवरण आणि खाली दुमडणारा कुंदा. ब्रिटिश फौजेनं स्टर्लिंग 1953 ला घेतली, आपल्याकडं ती नंतर कानपूरला बनू लागली. तेव्हा वाकडं मॅगझीन हातात असलेले आजोबा ‘1944, ब्रह्मदेश’ या ओळीखाली शोभत नाहीत, घरचे कितीही भांडोत. उलट बाजूनं मात्र जपून: स्टेन दिसली म्हणजे महायुद्धच, असं नाही. 1947-48 ला काश्मीरमध्येही ती होती.

लाकडी कुंद्याची, छोट्या बंदुकीसारखी, 15 गोळ्यांच्या मॅगझीनची अमेरिकन एम1 कार्बाइनही 1944 च्या चिंडिटांकडं होती. नाव कार्बाइनच, पण आपल्या कार्बाइनशी काडीचा संबंध नाही.

कमरेच्या हत्याराबद्दल फार आशा धरू नका. होल्स्टर बंद असेल तर ‘कमरेला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर’ यापुढं जाऊ नये. बाहेर असेल तर चक्री, म्हणजे गोळ्यांचं गोल फिरतं सिलिंडर, बघा. चक्री असली तर वेबली नाहीतर .38 ची एनफिल्ड. घोड्याला मागं अंगठ्याची शेंडी नसेल तर एनफिल्डचा नंतरचा प्रकार. चपटं, बिनचक्रीचं असेल तर कोल्ट 1911 किंवा ब्राउनिंग. कॅनडात इंग्लिस कारखान्यात बनलेली ब्राउनिंग 1944 पासूनची.

आणि हत्यारावरून कोणाला कमांडो करू नका, राव. स्टेन ड्रायव्हरकडंही असायची, सिग्नलवाल्याकडंही. तुकडी ठरते ती गणवेशावरच्या खुणांवरून: चिंडिटांचा चिंथे (ब्रह्मी दंतकथेतला सिंह), पॅराचे पंख. पॅराची मरून टोपी कृष्णधवल फोटोत ओळखू येत नाही, तिच्यावर विसंबू नका. फोटोखाली ‘हाती थॉम्सन एम1, 1942 किंवा नंतर’ अशासारखं, एवढंच लिहा. माणूस मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर तुकडीचं नाव त्याचा आर्मी नंबर घेऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारा, मगच त्यात घाला.