टनभर लेथ, भाड्याचा ट्रेलर आणि नवले पुलाचा उतार

खेड शिवापूरहून भोसरीला जुना सहा फुटी लेथ (धातू कातायचं मशीन) आणायचा होता, वजन टनभर. पिकअपच्या मागं जोडायचा दोन चाकी ट्रेलर ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतला. भाडेवाल्याचं नाव टाकत नाही कारण थोडी तक्रार पण आहे.

मी म्हटलं मशीन मागंच ठेवा, उतरवायला सोपं जाईल, तर ड्रायव्हरकाका म्हणाले, "भाऊ, मागं जड झालं की ट्रेलर शेपूट हलवतो." हेडस्टॉकची, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याची, बाजू जड म्हणून ती पुढं घेतली, साधारण 60 टक्के वजन एक्सलच्या पुढं, मग लाकडी ठोकळे, चारी कोपऱ्यांना रॅचेट बेल्ट, आणि लीड स्क्रूला (लेथचा लांब आट्यांचा दांडा) बेल्ट लागू दिला नाही हे बघून माझा जीव भांड्यात पडला. सेफ्टी चेन हुकाखालून क्रॉस करून लावल्या. पाचेक किलोमीटरवर थांबून बेल्ट परत आवळले, एक खरंच ढिला झालेला.

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार आहे तिथं डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे आहेतच, मग ब्रेक तापतात आणि लागतच नाहीत. काकांनी उताराआधीच गिअर खाली घेतला, म्हणजे वेग इंजिनच आवरतं. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू दे.

तक्रार म्हणजे यायला दोन तास उशीर, एक बेल्ट कडेनं उसवलेला (सांगितल्यावर बदलला) आणि ट्रेलरचा एक ब्रेक लाइट बंद. रात्र असती तर नेलंच नसतं. परत बोलवीन, पण हेच काका असतील तर.