बेनारोया हॉल, सिअ‍ॅटल: आठ महिने, सहा कार्यक्रम, एक खोकल्याची गोळी

बेनारोया हॉल म्हणजे सिअ‍ॅटलमधलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं सभागृह. पहिल्या कार्यक्रमाला हौसेने गाडी नेली आणि जवळच्या एका खासगी पार्किंगमध्ये तिकिटाच्या जवळजवळ निम्मे पैसे मोजून आलो. तेव्हापासून गाडी बंद. लिनवूड या उपनगरातून ‘१ लाइन’ ही शहरी रेल्वे पकडतो, ३ डॉलर, हॉलला लागूनच उतरायचं. ऑगस्ट २०२४ पासून त्या स्टेशनाचं नावच ‘सिंफनी’ आहे. आधी युनिव्हर्सिटी स्ट्रीट होतं आणि विद्यापीठ मैलोगणती लांब!

आता मुद्द्याचं. मी दादरला रुळांशेजारी वाढलो, लोकल गेली की मांडणीतली भांडी वाजायची. या हॉलखालूनही रेल्वेचा जुना बोगदा जातो, १९०५ सालापासूनचा, आणि त्यातून मालगाड्या अजून धावतात. म्हणून १९९८ साली हॉल झाला तेव्हा प्रेक्षागृह बाहेरच्या इमारतीपासून सुटं करून रबराच्या पॅडवर बसवलं. पहिले दोन कार्यक्रम मी संगीत सोडून तळपायाला हादरा लागतो का तेच बघत होतो. नाही लागत. एकदाही नाही.

पण ही शांतता अंगाशी येते. तिसऱ्या कार्यक्रमाला बीथोव्हेनची सातवी सिंफनी होती. दुसऱ्या भागात चेलो (व्हायोलिनची खर्जातली थोरली बहीण) अगदी दबक्या आवाजात सुरू झाले आणि नेमका माझ्या घशात खवखवाट. गोळीचा कागद हळूहळू सोलायला गेलो. हळू सोललं की तो जास्त वेळ वाजतो, एवढंच. पुढच्या रांगेतल्या आजींनी मान वळवून बघितलं. सवाईत शेजारचा ‘क्या बात है’ ओरडला तरी चालतं हो. इथे अडीच हजार माणसं आणि आवाज फक्त माझ्या कागदाचा.

त्या दिवशी हिरमुसून ठरवलं, यापुढे सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या जागा. शिक्षा म्हणूनच. आणि मत बदललं! खाली पुढे बसलं की व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात. वरून अख्खा ऑर्केस्ट्रा दिसतो, कुठला सूर कुठून उठला ते कळतं, आणि आवाजही मला तिथेच जास्त एकजीव वाटतो. महागाच्या जागांचे गेलेले पैसे आठवले की अजून चिडतो. लॉबीतली काचशिल्पकार डेल चिहुलींची काचेची झुंबरं मात्र सगळ्यांना सारखीच.

गोळी आता घरूनच सोलून, रुमालात गुंडाळून नेतो. रुमालाला चिकटते, पण सोडवताना आवाज होत नाही.