२०१९ च्या पुरापासून दूध याच डेअरीतून, ४ स्टार

ठाण्यात आमच्या कॉर्नरवरची छोटी डेअरी आहे, बोर्ड पण धड दिसत नाही. दही झकास, पनीर ठीकठाक, पण मी रिव्ह्यू लिहितेय तो ऑगस्ट २०१९ साठी. कोल्हापूर-सांगलीला पूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुणे-बेंगळुरू रस्ता जवळपास आठवडाभर बंद आणि तिकडून येणारं म्हशीचं दूध इकडे गायब. शेजारच्या मोठ्या दुकानात पिशवीमागे १० रुपये जास्त घेत होते, या डेअरीवाल्या काकांनी छापील किमतीतच दिलं, पण घरटी एकच पिशवी, वहीत नाव लिहून, आणि लहान बाळ असलेल्यांना आधी. माझी सासू त्यांच्याशी भांडून आली तरी दुसरी मिळाली नाही 😄

रस्ता आधी एका बाजूने सुरू झाला, अत्यावश्यक मालाच्या गाड्यांना. मला वाटलं झालं, उद्यापासून हवं तेवढं दूध, तर काका म्हणाले ताई, टँकर येईल हो पण गोठ्यात पाणी शिरलं, वैरण कुजली, म्हशी लगेच कुठून पूर्वीसारखं दूध देणार? आणि तसंच झालं, गाईचं पटकन नीट मिळायला लागलं, म्हशीचं नंतर किती दिवस कधी अर्धा क्रेट कधी काहीच नाही.

एक स्टार कापला कारण सुट्ट्या पैशांऐवजी अजून चॉकलेटच देतात, आणि सातनंतर गेलात तर दही संपलेलं असतं.