दहा सिटिंग, एक कंबर : ॲक्युपंक्चर चिकित्सालयाचा अनुभव

पुण्यात कोथरूड परिसरातील ज्या ॲक्युपंक्चर चिकित्सालयात मी यंदा उन्हाळ्यात कंबरदुखीसाठी दहा वेळा गेलो, ते एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असून त्या इमारतीला लिफ्ट नाही. ज्यांचा बहुतेक रुग्णवर्ग कंबर आणि गुडघे धरून येतो, त्यांनी ही जागा का निवडली असावी, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी जिन्याच्या वळणावर पडला आणि त्याचे समाधानकारक उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही. मी व्यवसायाने लेखापाल आहे. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात आणि त्याची वसुली कंबर गेले आठ महिने करत होती. एमआरआयमध्ये मणक्यातील चकती किंचित बाहेर आल्याखेरीज विशेष काही निघाले नव्हते. फिजिओथेरपीने दुखणे निम्म्यावर आले आणि तिथेच अडून बसले. ‘करून पाहायला हरकत नाही, पण व्यायाम सोडू नका,’ असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितल्यानंतरच मी इकडे, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या या चिनी उपचाराकडे, वळलो.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप येणे किंवा कारण नसताना वजन उतरणे अशी लक्षणे कंबरदुखीसोबत असतील, तर सुयांचा विचार करण्यापूर्वी आधी डॉक्टरांनी तपासलेले असले पाहिजे. या चिकित्सालयातील डॉक्टरबाईंनीही पहिल्या भेटीत नेमके हेच प्रश्न विचारले आणि एमआरआयचा अहवाल पाहिल्याशिवाय मला खाटेवर घेतले नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

पहिल्या भेटीला साधारण सव्वा तास लागतो आणि त्यातील सुयांचा वेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. बाकीचा वेळ विचारपूस आणि तपासणीत जातो. आधी एक अर्ज भरून घेतात. हृदयात पेसमेकर बसवला आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह किंवा फिट्स आहेत का, स्त्री रुग्ण असल्यास गर्भारपण आहे का, हे सर्व त्यात विचारलेले असते आणि ते प्रामाणिकपणे सांगणे रुग्णाच्याच हिताचे आहे. पेसमेकर असलेल्या रुग्णाच्या सुयांना विजेचा प्रवाह जोडत नाहीत आणि गर्भवती स्त्रीच्या बाबतीत अंगठा व तर्जनी यांमधला बिंदू, घोट्याच्या वरचा आतील बिंदू असे काही बिंदू पारंपरिकदृष्ट्या वर्ज्य मानले जातात. त्यानंतर डॉक्टर जीभ पाहतात आणि दोन्ही मनगटांवरील नाडी बघतात. झोप, भूक, पोट साफ होणे, थंडी सोसते की उकाडा, असेही प्रश्न येतात. कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाला हे अवांतर वाटण्याची शक्यता आहे. परंतु गेल्या आठ महिन्यांत कोणीही माझ्या झोपेबद्दल इतके सविस्तर विचारले नव्हते, हे मला त्या खोलीत प्रथमच जाणवले.

आता सुयांविषयी, कारण नवीन रुग्णाची खरी धास्ती तीच असते. या सुया इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नसतात, भरीव असतात. मला वापरलेल्या सुया ०.२५ मिलिमीटर जाडीच्या आणि २५ ते ४० मिलिमीटर लांबीच्या होत्या. त्या निर्जंतुक केलेल्या आणि एकदाच वापरायच्या असून प्रत्येक वेळी पाकीट माझ्यासमोर फोडले गेले. पाकीट समोर फोडले जात नसेल तर विचारण्याचा संकोच बाळगू नये, कारण वापरलेली सुई पुन्हा वापरल्यास कावीळ ब आणि क यांसारखे रोग रक्तातून पसरू शकतात. प्लास्टिकच्या बारीक नळीत सुई धरून वरून बोटाने टिचकी मारतात आणि ती त्वचेत शिरते. ही टिचकी कळते, टोचणे मात्र बहुतेक वेळा कळत नाही. नंतर सुई थोडी आत नेऊन फिरवली की वेगळीच संवेदना होते. तिला दुखणे म्हणावे की नाही, हे मला दहाव्या वेळीही नक्की ठरवता आले नाही. जड वाटते, आत काहीतरी फुगल्यासारखे किंवा ठणकल्यासारखे होते आणि कधी मुंग्यांची एक रेघ खाली सरकते. चिनी परंपरेत या संवेदनेला ‘द-ची’ म्हणतात आणि ती आली म्हणजे सुई योग्य जागी पोहोचली असे मानतात. तीक्ष्ण, विजेसारखी कळ आली तर मात्र ती सहन करत पडून राहू नये, लगेच सांगावे. डॉक्टर सुई थोडी मागे घेतात.

माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना चार, दोन्ही गुडघ्यांच्या मागच्या घडीत एकेक आणि बाहेरच्या घोट्यांमागे एकेक अशा आठ सुया पहिल्या दिवशी लागल्या. कमरेच्या दुखण्यासाठी गुडघ्यामागे सुई कशाला, असे मी विचारले, तेव्हा पाठीवरून खाली उतरणारी एक वाहिनी या बिंदूवरून जाते अशी या शास्त्राची कल्पना आहे, असे उत्तर मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेल्या यादीत असे ३६१ बिंदू चौदा वाहिन्यांवर मांडलेले आहेत. या वाहिन्या शरीरविच्छेदनात दिसत नाहीत, आणि डॉक्टरबाईंनीही त्या दिसतात असा दावा केला नाही. मला अधिक मौज वाटली ती बिंदू शोधण्याच्या मापाची. मणक्यापासून किती अंतरावर सुई टोचायची हे त्या सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत, रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने मोजतात. चार बोटे जोडली की तीन मापे होतात. आयुर्वेदातही रुग्णाच्या स्वतःच्या अंगुळांनी त्याचे शरीर मोजतात, त्यामुळे हा हिशेब आपल्याकडील वाचकाला परका वाटू नये.

चौथ्या सिटिंगपासून दोन सुयांना बारीक चिमटे लावून विजेचा सौम्य प्रवाह देण्यात आला. त्याने स्नायू ठराविक लयीत फडफडतो, आणि प्रवाह किती असावा हे रुग्णाने सांगायचे असते. (पालथे पडून होणाऱ्या या प्रकाराला सर्वजण ‘सिटिंग’ का म्हणतात, हे मला उमगलेले नाही.) दोनदा ‘मोक्सा’ही दिला गेला. वाळवलेल्या पाल्याची विडीसारखी जाड कांडी पेटवून ती त्वचेपासून दोन-तीन बोटे अंतरावर धरतात आणि कंबर शेकतात. हा पाला आपल्या दवण्याच्याच कुळातील वनस्पतीचा असल्यामुळे धुराला ओळखीचा कडवट वास येतो आणि तो घरी जाईपर्यंत शर्टातून जात नाही. माझ्या आईने हे ऐकल्यावर ‘म्हणजे डाग दिला की काय?’ असे घाबरून विचारले. तसे ते नाही. यात कातडीला विस्तव लागत नाही, लागता कामा नये, आणि चटका बसू लागताच सांगणे हे रुग्णाचे काम आहे.

पहिल्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नये, तसेच भरपेट जेवूनही जाऊ नये. सैल कपडे घालावेत. उठताना घाई करू नये. माझ्या शेजारच्या पडद्याआड एक तरुण पहिल्याच सुयांनंतर घामाघूम होऊन पांढरा पडला होता. डॉक्टरांनी तत्काळ सुया काढल्या, त्याचे पाय उंचावर ठेवले आणि तो पाच मिनिटांत सावरला. असे कधी कधी घडते, विशेषतः पोट रिकामे असताना किंवा भीती फार असताना. माझ्या बाबतीत दोन ठिकाणी आठवडाभर काळेनिळे डाग राहिले आणि पहिल्या दोन सिटिंगनंतर त्या रात्री कंबर उलट अधिक दुखली. छातीच्या भागात खोल गेलेली सुई फुप्फुसाला छेद देऊ शकते. हा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे, आणि त्यामुळेच सुई टोचणारी व्यक्ती शिकलेली आणि नोंदणीकृत असावी याचा आग्रह धरला पाहिजे.

त्या बाबतीत महाराष्ट्रातील रुग्णांची स्थिती बरी आहे. ॲक्युपंक्चरसाठी राज्यात स्वतंत्र कायदा असून २०१५ च्या त्या अधिनियमाखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद व्यावसायिकांची नोंदणी करते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. या चिकित्सालयात नोंदणीचे प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर लावलेले आहे. त्याच्या शेजारी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे छायाचित्र आहे आणि प्रतीक्षागृहातील अनेकांचा समज असा दिसला की ही विद्या त्यांनीच भारतात आणली. वस्तुतः १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले कोटणीस युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्याच वैद्यकीय पथकातील डॉ. बिजय कुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात रुजवले. भिंतीवर दुसरेही छायाचित्र असावे, असे मी सुचवले आहे.

त्याच भिंतीवरील दुसरा फलक मात्र मला खटकला. मधुमेह, वंध्यत्व, बहिरेपणा, लठ्ठपणा, सोरायसिस अशा वीस-बावीस व्याधींची नावे ‘खात्रीशीर उपचार’ या शीर्षकाखाली लिहिलेली आहेत. खोलीत संयमाने बोलणाऱ्या डॉक्टरांचा हा फलक आहे यावर विश्वास बसत नाही. कंबरदुखीबाबतचा पुरावादेखील इतका सरळ नाही. जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना उतार पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के रुग्णांना, तर नेहमीच्या औषधोपचार व व्यायामाने २७.४ टक्के रुग्णांना. म्हणजे सुयांचा काही तरी उपयोग होतो, परंतु त्या नेमक्या कुठे टोचल्या याने फारसा फरक पडत नाही, असाही अर्थ निघतो. कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने अर्धशिशी टाळण्यासाठी ॲक्युपंक्चर सुचवले आहे, कंबरदुखीसाठी मात्र २०१६ मध्ये ते देऊ नये असे म्हटले. मी हे सर्व वाचून गेलो होतो आणि तरीही गेलो, कारण ४७ काय किंवा ४४ काय, माझी कंबर २७ च्या गटात आधीच राहून आली होती.

सर्वात गंभीर तक्रार सहाव्या सिटिंगची आहे. त्या दिवशी डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे होत्या आणि सुया साहाय्यक मुलीने काढल्या. मी उठलो, कपडे ठीक केले आणि मोजा चढवताना डाव्या घोट्यामागे चांगलीच कळ आली. एक सुई तिथेच राहिली होती. रक्ताचा थेंबही आला नाही आणि पुढे काही त्रास झाला नाही, परंतु बूट घालून मी तसाच जिना उतरलो असतो तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत होतो. डॉक्टरबाईंनी सारवासारव केली नाही, माफी मागितली आणि त्या दिवसापासून टोचताना व काढताना सुया मोठ्याने मोजण्याची पद्धत सुरू झाली. ती आधीपासूनच असायला हवी होती. नवीन रुग्णाने आपल्यापुरती सुयांची संख्या लक्षात ठेवावी आणि उठण्यापूर्वी विचारावे.

शुल्काच्या बाबतीत पहिली भेट ८०० रुपये, पुढची प्रत्येक ६०० रुपये, आणि दहा सिटिंगचे आगाऊ भरल्यास ५,००० रुपये असा हिशेब आहे. आगाऊ भरलेली रक्कम परत मिळत नाही, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले आहे. एकदोन सिटिंगमध्ये फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये हे खरे, पण पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत काहीच हलले नाही तर थांबण्याची मोकळीक रुग्णाला हवी, आणि आगाऊ पैसे भरले की ती मोकळीक जाते. मी भरले, कारण बाराशे रुपये वाचवण्याचा मोह लेखापालालाही होतो.

फरक किती पडला हे मी अंदाजाने सांगत नाही. रोज रात्री दहापैकी किती दुखले, सलग किती वेळ बसता आले आणि गोळी घेतली का, हे मी वहीत लिहीत होतो. पहिल्या आठवड्याची सरासरी साडेसहा होती. पाचव्या सिटिंगपर्यंत ती तिथेच घुटमळली, आठव्यानंतर चारवर आली आणि दहा सिटिंग संपून सहा आठवडे झाले तेव्हा साडेचार होती. गोळ्या आठवड्याला पाचवरून एकावर आल्या. याच काळात उकाड्यामुळे मी पहाटे चालायला जाऊ लागलो होतो आणि व्यायामही चालूच होते, त्यामुळे या उताराचे श्रेय कोणाच्या खात्यावर किती टाकायचे हे मला ठरवता येत नाही. झोप मात्र पहिल्या आठवड्यापासून सुधारली, आणि ती मी सुयांच्या खात्यावर टाकतो.

अकरावी सिटिंग मी गेल्या आठवड्यात घेतली, या वेळी एकाच वेळेचे ६०० रुपये देऊन. सुया आठच होत्या, आठही मोजून निघाल्या. फलक अजून तिथेच आहे.