क्यू उद्यानातील मॅरिअ‍ॅन नॉर्थ दालन

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात १८८२ साली उघडलेल्या या दालनात प्रथम जाणवते ती दाटी, कारण आठशेहून अधिक तैलचित्रे चौकटीला चौकट भिडवून भिंतभर लावलेली आहेत आणि ही देशवार मांडणी खुद्द ही चित्रे रंगवणाऱ्या इंग्रज चित्रकार मॅरिअ‍ॅन नॉर्थ यांनीच ठरवली होती. पांढऱ्या कागदावर एकटी फांदी जलरंगात रेखाटण्याचा रूढ रिवाज त्यांनी बाजूला ठेवला. त्यांची झाडे आपापल्या डोंगरउतारावर किंवा नदीकाठी उभी दिसतात.

बोर्निओतील घटपर्णीचे (घटासारख्या पानांत कीटक पकडणाऱ्या वनस्पतीचे) चित्र मात्र अगदी जवळ जाऊन पाहावे. त्यातील डागाळलेला घट आणि त्याची रुंद, रेघारेघांची कड पाहूनच ही वनस्पती शोधण्यासाठी संग्राहक धाडला गेला आणि नव्या ठरलेल्या त्या जातीला नॉर्थ यांचे नाव मिळाले.

इमारतीचा आराखडा भारतीय लेण्यांचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांचा आहे (पुण्याच्या कॉलेजचे फर्ग्युसन वेगळे). चित्रांखाली बसवलेले लाकडांचे २४६ नमुने बहुतेकांच्या नजरेतून निसटतात, तेही पाहावेत. शेजारचे, २००८ साली उघडलेले वनस्पतिचित्रांचे शर्ली शेरवूड दालन मोकळे आणि शांत आहे. पण वेळ थोडा असेल, तर तो नॉर्थ दालनालाच द्यावा.