दाराखालचा अलार्म: ८ महिने, ३ बीच आणि १ खराटा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मी रागात लिहायला घेतलाय. गेल्या मंगळवारी या अलार्मचं बटण आत गेलं ते परत बाहेर आलंच नाही. कस्टमर केअरच्या चॅटवर ४० मिनिटं घालवली आणि उत्तर काय मिळालं, तर रिप्लेसमेंटची मुदत ७ दिवस होती. अहो, ७ दिवसांत रजा तरी मंजूर होते का कोणाची? वर विचारतात, आजच्या सेवेला किती स्टार द्याल. दिला, एक.

वस्तू माहितीच असेल सगळ्यांना. पाचरीसारखी असते, वर पत्र्याची पट्टी, आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. रात्री दाराखाली सरकवायची, बाहेरून कोणी दार ढकललं की पट्टी दाबली जाते आणि ती केकाटते. बॉक्सवर १२० डेसिबल लिहिलंय. मी काही मोजायला गेले नाही, पण एकदा रबाळे आणि ऐरोलीच्या मध्ये लेडीज डब्यात माझ्या बॅगेत आपोआप चालू झाली होती, तेव्हा झोपलेल्या तीन बायका एकदम उठून दाराशी गेल्या. ४४९ रुपये.

घेतली कशासाठी, तर मी आणि धाकटी बहीण सर्फिंग शिकतोय. वय विचारू नका. क्लास, बोर्डचं भाडं, येणं-जाणं यात पैसे संपतात, मग काटकसर व्हायची ती राहण्यात. आणि स्वस्त खोली म्हटली की आईचा एकच प्रश्न, "कडी नीट लागते का?" तिच्यासाठी म्हणून घेतली. पहिल्या आठवड्यात घरीच टेस्ट करून मी ५ स्टार दिले होते, ते कृपया विसरा.

कारण नोव्हेंबरात गेलो मुल्कीला, कर्नाटकात मंगळूरजवळ. मत्स्यगंधा एक्स्प्रेस ठाण्याला पकडली, सकाळी तिथे. पावसाळा संपून समुद्र शांत झालेला, शिकणाऱ्यांना उत्तम. खोली ९०० रुपये, स्वच्छ, अंगणात नळ, बोर्ड ठेवायला पडवी, सगळं छान. रात्री ऐटीत अलार्म काढला आणि बघते तर दार बाहेर उघडणारं! आता विचार करा, पाचर बसणार दाराच्या आतल्या बाजूला आणि दार जाणार बाहेर. चोराने दार ओढलं की पाचर तिथेच जमिनीवर गप्प बसून राहणार. पूर्ण बॉक्सवर, लिस्टिंगवर, त्या चार भाषांतल्या पत्रकावर कुठेही लिहिलेलं नाही की दार आत उघडणारं हवं. मला सांगा, जी वस्तू बाहेर उघडणाऱ्या दारांना चालतच नाही तिच्यावर हे एक वाक्य छापायला काय शाई कमी पडली? दोन रात्री दाराच्या मुठीला पंचा बांधून दुसरं टोक पलंगाच्या पायाला बांधलं आणि झोपलो. पंचा फुकट होता.

तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी प्रत्येकाला विचारते, दार आत उघडतं की बाहेर. लोकांना वाटतं बाई वेडी आहे. एकाने उत्तर दिलं, "येस मॅडम, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड."

जानेवारीत वेलिगामा, श्रीलंकेचा दक्षिण किनारा. तिकडे सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, उपसागराच्या तळाला वाळू आहे म्हणून नवशिक्यांना बरं. शेजारी मिदिगामाला खाली खडक, तिथे आम्ही नुसतं बघायला गेलो. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे साडेतीनच्या आसपास, त्यामुळे किमती बघून आधी छातीत धडकी भरते आणि मग भागाकार केला की हसू येतं. पहिल्या दोन रात्री हॉस्टेलचं डॉर्म, म्हणजे अनेकींची एकत्र खोली, घेतलं, फक्त बायकांचं, 'बीचफ्रंट' म्हणून. बीच समोर होता हे खरं, पण मध्ये गॉल-मातारा हमरस्ता होता हे फोटोत नव्हतं. तिथल्या बसवाल्यांपुढे आपले नवी मुंबईचे एनएमएमटी बसवाले अगदी संत. आठ फुटी बोर्ड डोक्यावर घेऊन तो रस्ता ओलांडताना मला पहिल्यांदा वाटलं की चोराची भीती ही फारच वरवरची भीती आहे. लॉकर होते, पण कुलूप आपलं आणायचं, तेव्हा दोन छोटी पितळी कुलपं न्या. बहिणीचं नंबरवालं खाऱ्या हवेत तिसऱ्या दिवशी अडकलं.

पहिली रात्र इतकी शांत गेली की आम्ही मुक्काम वाढवणारच होतो. मग कळलं की त्या दिवशी पोया होता. पोया म्हणजे पौर्णिमा, तिथे सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. दुसऱ्या रात्री खालचा बार सुरू झाला आणि दोनपर्यंत गच्ची हलत होती. डॉर्मचं दार सतत उघडझाप, तिथे अलार्म लावायचा प्रश्नच नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाया. तेव्हा मी मनातल्या मनात १ स्टारवर आले होते.

तिसऱ्या दिवशी रस्ता सोडून आत, रेल्वेलाइनच्या अलीकडच्या गल्लीत एका आंटींच्या घरी खोली घेतली. नाश्त्यासकट आपले सतराशे पडले, मच्छरदाणी धड होती, ती आधी तपासाच कारण तिकडे डेंग्यू असतो. बीच चालत सात मिनिटं. हे अंतर महत्त्वाचं आहे, कारण वारा पडलेला असतो पहाटे, चांगल्या लाटा तेव्हाच, आणि लांब राहिलात तर रोज दोनदा टुकटुकचे (तिकडची रिक्षा) पैसे द्या किंवा अंधारात गल्लीतल्या कुत्र्यांशी ओळख करून घ्या. रस्त्याला त्सुनामीच्या वेळी कुठे पळायचं त्याच्या पाट्या होत्या. २००४ ला हा सगळा किनारा झोडपला गेलाय, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी आम्ही ती वाट चालून बघितली.

आणि दार आत उघडणारं! मी इतक्या आनंदाने पाचर सरकवली. फक्त फरशी लाल, घोटलेल्या सिमेंटची, आजोळी गुहागरला होती तशीच चकचकीत, वर आमच्याच पायांची वाळू. पाचर सर्रकन सरकली. म्हणून सेन्सिटिव्हिटी 'हाय'वर टाकून वर बॅग टेकवली. पहाटे तीनला समुद्रावरून वारा सुटला, दार कडीत थोडं हललं, आणि जे काही केकाटलं ते! बहीण मच्छरदाणीसकट खाली. "ताई बंद कर, ताई बंद कर", आणि मला अंधारात बटण सापडेना. तेवढ्यात बाहेरून आंटींचा आवाज. दार उघडलं तर त्या एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात खराटा घेऊन उभ्या, मागे त्यांचा मुलगा, त्याच्या मागे शेजारचे दोघं, सगळे चोराला मारायच्या तयारीत. खराटासुद्धा माडाच्या हिरांचाच, अगदी आपल्याकडचा. मी पाचर दाखवली. आंटींनी ती हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि कोपऱ्यातला लाकडी आडणा आणून दाराला आडवा बसवून दाखवला. तो तिथे पहिल्यापासून आमच्या ओल्या टॉवेलांखाली उभा होता. उरलेले पाच दिवस आडणा लावला, अलार्म बॅगेत.

तेव्हापासून माझा दुसरा प्रश्न असतो, मालक रात्री त्याच घरात झोपतात का.

आता अलार्मच्या बाजूने बोलायचं, कारण खोटं बोलायचं नाही. घरी आल्यावर ऐरोलीतल्या पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापून खाली सोल्यूशनने चिकटवून दिला, पैसे घेतले नाहीत, नुसतं विचारलं हे आहे काय. मार्चमध्ये चेन्नईजवळच्या कोवलमला हीच पाचर टाइल्सवर ढिम्म हलली नाही. 'लो'वर ठेवली, तीन रात्री शांत झोप. चौथ्या दिवशी दुपारी रूमबॉयने न वाजवता दार ढकललं आणि त्यानंतर पूर्ण मजल्यावर सगळे दार वाजवायला लागले. तेव्हा मी ४ स्टारवर गेले होते. मग मंगळवारी बटण गेलं. सध्या टूथपिकने बाहेर निघतं. ३ स्टार, त्यातला एक पंक्चरवाल्याचा.

ऑगस्टमध्ये अरुगम बे ठरतंय, श्रीलंकेच्या पूर्वेला, कारण तेव्हा दक्षिणेला पावसाळा आणि तिकडे सीझन. काल रात्री पाच ठिकाणी दाराचा प्रश्न पाठवला. तिघांनी रेट पाठवला, एकाने हसरा चेहरा. पाचव्याने व्हिडिओ पाठवला, स्वतः उभं राहून दार तीन वेळा उघडून बंद करून दाखवलं, कडी लावून दाखवली, शेवटी त्याची छोटी मुलगी दारातून डोकावून हात हलवते. आत उघडतं. बुक केलं.