इंजिन रंगवायला दिलं, साउंड डिकोडर गायब

मॉडेल रेल्वेचं एचओ स्केलचं (खऱ्याच्या १:८७ आकाराचं) गडद निळं डिझेल इंजिन, साउंड डिकोडरसकट (मोटर चालवणारं आणि आवाज काढणारं आतलं छोटं सर्किट), झळझळीत पिवळं करून घ्यायला दिलेलं. पैसे आगाऊ, तेही पूर्ण. फोटो आले तेव्हा मालक खूश. पार्सल उघडल्यावर इंजिन धावलं, पण मुकं. 'प्रवासात धक्का लागला असेल' हे रंगवणाऱ्याचं उत्तर. पुढे मास्किंग टेप लावून काढली, तर तिच्यासोबत पिवळा पापुद्रा निघाला आणि खालून थेट जुना निळा दिसला. पांढरा प्रायमर कुठेच नाही.

पिवळा आणि नारिंगी हे रंग खालचं झाकायला फार कमजोर. निळ्यावर पातळ पिवळा मारला की तो हिरवट दिसतो. मग आळशी माणूस स्प्रे कॅनने थरावर थर चढवतो. रेडिएटरच्या जाळीच्या फटी बुजतात, दारांच्या रेघा आणि रिव्हेट गुळगुळीत होतात. आलेले सगळे फोटो समोरून तिरके घेतलेले होते, जाळी दिसेल असा एकही नव्हता, यात नवल नाही.

नीट कामात आधी जुना रंग उतरवतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी बुडवायची, अधूनमधून मऊ टूथब्रशने घासायची. काही कारखानी रंग त्याला दाद देत नाहीत, म्हणून आधी आतल्या बाजूला थोडं घासून बघतात. नायट्रो थिनर किंवा अ‍ॅसिटोन चालत नाही, प्लास्टिकच विरघळतं. मग भांड्याच्या साबणाने धुऊन, वाळवून पांढरा प्रायमर. त्यावर ०.३ मिमी नोझलच्या एअरब्रशने, हवेच्या १५ ते २० पीएसआय दाबावर, पिवळ्याचे तीन-चार पातळ हात. डेकल (नाव-नंबरांची चिकटचित्रं) लावण्याआधी चकचकीत ग्लॉस वार्निश, शेवटी कमी चमकेचं सॅटिन.

म्हणून फोटो टप्प्याटप्प्याने मागा: रंग उतरवलेली बॉडी, प्रायमर मारलेली, आणि जाळीवर बाजूने उजेड टाकून काढलेला जवळचा. निम्मे पैसे या फोटोंनंतर.

रंग खराब निघाला तर पुन्हा उतरवता येतो. खरी चोरी आत होती. बॉडी उघडली तर स्पीकर जागेवर, पण त्याच्या वायरी कापलेल्या, आणि साउंड डिकोडरच्या जागी कितीतरी स्वस्त, आवाज नसलेला साधा डिकोडर. याचा पुरावा सीव्ही ८ देतो (सीव्ही म्हणजे डिकोडरमध्ये साठवलेली क्रमांकित नोंद), कारण त्यात डिकोडर बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो: ईएसयू १५१, झिमो १४५, डिजिट्रॅक्स १२९. इथे मूळ डिकोडर ईएसयूचा होता, परत आलेल्या इंजिनात मात्र १५१ वाचला गेला नाही. इंजिन देण्याआधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडर वाचायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही ७ (डिकोडरची आवृत्ती) आणि ८ वाचून स्क्रीनचा फोटो ठेवा, डिकोडरचाही. सीव्ही ८ फक्त वाचायचा. त्यात ८ लिहिलं की बऱ्याच डिकोडरची सेटिंग पुसली जाऊन कारखान्यातली येतात.

याहून सोपं म्हणजे चासी (मोटर, चाकं, डिकोडर असलेला खालचा सांगाडा) पाठवायचीच नाही. बहुतेक मॉडेलची बॉडी दोन-चार स्क्रू किंवा क्लिपांवर सुटते. काचा आणि दिव्यांचे तुकडे काढून नुसतं कवच द्या. चाकांवर किंवा करंट घेणाऱ्या पट्ट्यांवर रंग उडून इंजिन अडखळण्याचा प्रश्नही मिटतो. 'फिटिंग बघायला चासी हवीच' म्हणणाऱ्याला काम देऊ नका. बॉडी बसते की नाही हे मालकाला घरीच बघता येतं.